शीटमध्ये मजकूर आणि आकडा एकत्र लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिनिंगचे मुनीम, केळीच्या गाड्या भरणारे व्यापारी, सराफ पेढीवरची मुलं, दालमिलचे हिशोबनीस, बचत गटाच्या ताई. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे हे प्रश्न वेगवेगळ्या धंद्यांतले आहेत, पण दुखणं बहुतेकांचं एकच. आकडा सेलमध्ये नीट दिसतो, वाक्यात घातला की बिघडतो. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

सूत्रं वाचण्याआधी एवढं लक्षात घ्या. या पानावर सूत्रांतली नावं आणि सेलचे पत्ते देवनागरीत लिहिले आहेत. शीटमध्ये ते इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे: टेक्स्ट म्हणजे टी-ई-एक्स-टी, बी2 म्हणजे बी कॉलममधली दुसरी ओळ. अवतरणचिन्हं सरळ हवीत. वर्डमध्ये लिहिलेलं सूत्र उचलून आणलं की ती वाकडी येतात आणि सूत्र रुसून बसतं. जे एक्सेलला लागू आहे ते बहुतेक गूगल शीट्सलाही लागू आहे. जिथे फरक आहे तिथे सांगितलं आहे.

सेलमध्ये ₹1,850.00 दिसतं. मग वाक्यात नुसतं 1850 का येतं?

कारण सेलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, आत साठवलेली किंमत. दुसरी, ती किंमत कशी दाखवायची याची सूचना, म्हणजे फॉरमॅट. ₹ चिन्ह, स्वल्पविराम, शेवटची दोन शून्यं हे सगळं फॉरमॅटचं काम. आत फक्त 1850 आहे. आणि मजकूर जोडणारं & हे चिन्ह फॉरमॅटकडे बघतही नाही, ते सरळ आतली किंमत उचलतं. लग्नात फेटा बांधून मिरवलेल्या माणसाचं हजेरीपटावर नुसतं नाव चढतं, तसंच.

समजा बी2 मध्ये रावेरच्या केळीचा क्विंटलचा भाव आहे. सूत्र असं:

="आजचा भाव "&बी2&" रुपये क्विंटल"

उत्तर येईल: आजचा भाव 1850 रुपये क्विंटल. इथवर फार बिघडलं नाही, वाचणारा समजून घेतो. खरा गोंधळ भागाकाराच्या उत्तरांत होतो. रुईच्या 42 गाठी आहेत, गाठ 170 किलोची धरली तर 7140 किलो झाले, आणि 356 किलोची खंडी धरून भागलं की सेलमध्ये, दोन दशांश ठेवले असतील तर, 20.06 दिसतं. हाच सेल वाक्यात जोडा:

एकूण 20.0561797752809 खंडी

हे गिऱ्हाइकाला पाठवलं तर तो फोन करून विचारणारच. शीट चुकलेली नाही. सेलमध्ये आधीपासून हाच आकडा होता, फॉरमॅटने त्याची शेपटी झाकली होती. एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंत अचूकता ठेवतं आणि जोडताना ते सगळे बाहेर काढतं.

मग आकड्याचं रूप टिकवून जोडायचं कसं?

टेक्स्ट हे फंक्शन वापरून. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: आकडा कुठे आहे, आणि तो कसा लिहायचा.

="एकूण "&टेक्स्ट(बी2,"0.00")&" खंडी"

आता येईल: एकूण 20.06 खंडी.

अवतरणातल्या त्या खुणांना फॉरमॅट कोड म्हणतात. रोजच्या कामात दोनच खुणांचा फरक कळला तरी पुरे. 0 म्हणजे "इथे आकडा हवाच, नसेल तर शून्य लिही". # म्हणजे "असेल तर लिही, नसेल तर सोडून दे". म्हणून "0.00" ने 7 चं 7.00 होतं आणि "#.##" ने 7 चं "7." होतं, टिंब मागे लोंबकळत राहतं. पुष्कळ जण "#.##" लिहितात आणि पूर्ण आकड्यांच्या ओळीत ते टिंब का आलं म्हणून विचारतात. दशांशाच्या उजवीकडे शून्यच लिहीत जा.

जळगावच्या सराफ बाजाराकडून येणारा प्रश्न याच जातीचा आहे. सोन्याचं वजन मिलीग्रॅमपर्यंत लिहितात, म्हणजे दशांशानंतर तीन आकडे. सेलमध्ये 8.450 दिसतं, चिठ्ठीवर जोडलं की "8.45 ग्रॅम" होतं. किंमत तीच, पण तिसरा आकडा नसला की गिऱ्हाइकाची नजर तिथेच अडकते. उपाय:

="निव्वळ वजन "&टेक्स्ट(सी2,"0.000")&" ग्रॅम"

आणखी एक गोष्ट. मजकूर आणि अवतरणचिन्हाच्या मधली मोकळी जागा तुम्हीच टाकायची असते. "भाव"&बी2 लिहिलं तर "भाव1850" असं चिकटून येतं.

लाख-कोटीचे स्वल्पविराम येत नाहीत. 1,234,567 असं परदेशी दिसतं. काय करावं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि याला दोन वाटा आहेत.

पहिली वाट कॉम्प्युटरच्या सेटिंगमधून जाते. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रिजन, तिथे अ‍ॅडिशनल सेटिंग्ज, आणि तिथे डिजिट ग्रुपिंग. त्यात 12,34,56,789 हा पर्याय निवडायचा आणि एक्सेल बंद करून पुन्हा उघडायचं. मग साध्या "#,##0" कोडनेही 12,34,567 असंच येतं, टेक्स्टमध्येसुद्धा. अडचण एवढीच की ही सोय त्या कॉम्प्युटरपुरती. तीच फाइल नाशिकच्या सीएच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथली सेटिंग वेगळी असली, तर तिथे पुन्हा 1,234,567.

दुसरी वाट फाइलबरोबर प्रवास करते. "#,##,##0" लिहून भागत नाही, एक्सेल स्वल्पविराम कुठे ठेवला आहे ते बघत नाही, आहे की नाही एवढंच बघतं. म्हणून स्वल्पविराम हाताने बसवावे लागतात:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

अर्थ असा: कोटी किंवा जास्त असेल तर पहिला साचा, लाख किंवा जास्त असेल तर दुसरा, बाकी सगळ्याला तिसरा. उलटी तिरपी रेघ म्हणते की पुढचा स्वल्पविराम जसाच्या तसा छाप. पैसे हवे असतील तर तिन्ही साच्यांच्या शेवटी .00 लावा. 1234567 चं 12,34,567 होईल.

एवढा लांब कोड प्रत्येक सूत्रात कशाला लिहायचा? एकदा कोपऱ्यातल्या एखाद्या सेलमध्ये, समजा एच1 मध्ये, तो नुसता टाइप करून ठेवा. मग:

="एकूण रक्कम ₹"&टेक्स्ट(बी2,$एच$1)

टेक्स्टला कोड अवतरणातच हवा असा हट्ट नाही, सेलमधूनही चालतो. $ चिन्हांमुळे सूत्र खालच्या ओळींत कॉपी केलं तरी पत्ता एच1 हाच राहतो. उद्या पैसे दाखवायचे ठरले तर एकाच जागी बदल. माझ्या मते ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

या कोडची एक मर्यादा आहे. त्यात अटी दोनच घालता येतात, त्यामुळे उणे आकडा तिसऱ्या साच्यात जाऊन पडतो आणि -1234567 चं -1,234,567 होतं. उणे रकमा येणार असतील तर चिन्ह वेगळं काढा:

=इफ(बी2<0,"-","")&टेक्स्ट(एबीएस(बी2),$एच$1)

आणि "12.35 लाख" असं लिहायचं असेल तर सरळ भागा: =टेक्स्ट(बी2/100000,"0.00")&" लाख". कोडच्या शेवटी स्वल्पविराम देऊन आकडा लहान करायची एक युक्ती सांगितली जाते, पण ती हजाराने भागते. लाखासाठी ती कामाची नाही.

₹ चिन्ह कुठून आणायचं?

विंडोजला इंग्लिश (इंडिया) कीबोर्ड निवडलेला असेल तर उजवीकडचं ऑल्ट धरून 4 दाबा. ते जमत नसेल तर कुठूनही एकदा कॉपी करून घ्या. २०१० मध्ये हे चिन्ह ठरलं. त्याआधीच्या जुन्या फाँटमध्ये ते नसतं आणि जागी चौकोन दिसतो. तसं झालं तर फाँट बदला, नाहीतर सरळ "रु." लिहा.

मला वाक्य नकोय. आकड्यापुढे फक्त "क्विंटल" दिसायला हवं. त्यालाही टेक्स्ट लावायचं का?

नाही. लावूच नका. नेमकी इथेच गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सेल निवडा, कंट्रोल धरून 1 दाबा, नंबर या टॅबमध्ये कस्टम निवडा आणि टाइपच्या चौकटीत लिहा:

0.00" क्विंटल"

गूगल शीट्समध्ये हेच फॉरमॅट, नंबर, कस्टम नंबर फॉरमॅट या वाटेने सापडतं. आता सेलमध्ये 48.5 टाइप केलं की 48.50 क्विंटल दिसेल. आत मात्र 48.5 हा निखळ आकडा आहे. बेरीज होते, भावाने गुणता येतं, आलेख काढता येतो, लहान-मोठं लावता येतं. कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपला चिकटवलं तर "48.50 क्विंटल" असंच जातं.

म्हणजे ठरवायचं कसं? आकडा एकट्याने सेलमध्ये बसणार असेल आणि त्याच्या पुढे-मागे एखादा शब्द हवा असेल तर कस्टम फॉरमॅट. आकडा वाक्याच्या पोटात जाणार असेल, किंवा एका सेलमध्ये दोन-तीन आकडे गुंफायचे असतील, तर टेक्स्ट. आणि मूळ आकड्याचा सेल कोणत्याही परिस्थितीत आकडाच राहिला पाहिजे. वाक्य नेहमी शेजारच्या वेगळ्या सेलमध्ये.

कस्टम फॉरमॅटची एक बाजू मात्र जपून सांभाळायची. "क्विंटल" हा शब्द फक्त दिसण्यात आहे. नंदुरबारच्या मिरचीच्या यादीत एखाद्या ओळीत कोणी किलोतला आकडा टाइप केला, तरी सेल बिनतक्रार त्यालाही क्विंटल म्हणेल. 350 किलो ओल्या मिरचीचे 350.00 क्विंटल झालेले दिसतील आणि बेरजेतही तसेच जातील. सगळ्या कॉलमचं एकक एकच असेल तरच हा फॉरमॅट लावा. काही ओळी किलोत आणि काही क्विंटलमध्ये असतील तर एककाचा स्वतंत्र कॉलम करा आणि ओळीओळीला वेगळा फॉरमॅट देण्याच्या फंदात पडू नका.

हे कस्टम फॉरमॅटवालं सेल पुन्हा & ने जोडलं तर? पहिल्या प्रश्नाचंच उत्तर: "क्विंटल" गळून पडेल आणि 48.5 उरेल.

टेक्स्ट लावल्यावर बेरीज शून्य येते. आकडा कोठे गया?

अहिराणीतला हा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. आकडा गेला नाही, त्याचा मजकूर झाला. टेक्स्टमधून बाहेर पडतं ते अक्षर असतं, मग ते कितीही आकड्यासारखं दिसो. सम फंक्शन कॉलममधला मजकूर चुपचाप वगळतं, म्हणून बेरीज शून्य.

ओळखायचं कसं? आकडा आपोआप उजवीकडे टेकतो, मजकूर डावीकडे. तुम्ही स्वतः मध्ये किंवा उजवीकडे आणलेलं नसेल तर ही खूण बरोबर निघते.

फसवणारी गोष्ट अशी की काही वेळा हिशोब होतोही. =डी2+डी3 असं अधिकचं चिन्ह वापरलं तर एक्सेल "1,850.00" या मजकुराला समजून घेऊन आकडा करतं. पण "1,850 रुपये" असेल तर #व्हॅल्यू! ही चूक दाखवतं. एकाच शीटमध्ये कुठे शून्य, कुठे बरोबर उत्तर आणि कुठे चूक, असं तीन तऱ्हांनी दिसतं आणि माणूस चक्रावतो. क्रम लावतानाही हाच घोळ: मजकूर म्हणून "10,000" हे "9,000" च्या आधी येतं, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते.

नवीन काम करत असाल तर उत्तर वर आलंच आहे, मूळ कॉलमवर बेरीज घ्या. पण कोणी आधीच "1850 रुपये", "1920 रुपये" असं हाताने टाइप करून भरलेली फाइल दिली असेल तर ती सोडवावी लागेल. कॉलम निवडा, कंट्रोल धरून एच दाबा, शोधायच्या जागी " रुपये" (आधीच्या मोकळ्या जागेसह) लिहा आणि बदलायची जागा कोरी ठेवा. शब्द निघाले की आकडे आपोआप उजवीकडे सरकतात. मूळ कॉलमला हात लावायचा नसेल तर शेजारी:

=व्हॅल्यू(सबस्टिट्यूट(डी2," रुपये",""))

कुठे "रुपये", कुठे "रु.", कुठे "रू" असं असेल तर तेवढ्या वेळा बदल करावा लागेल. त्याला जवळची वाट नाही.

तारीख जोडली की 45700 असं काहीतरी येतं.

तारीखही आतून आकडाच आहे. एक्सेल १ जानेवारी १९०० ला 1 धरून दिवस मोजतं. १२ फेब्रुवारी २०२५ हा त्या मोजणीत 45700. म्हणून तारखेलाही टेक्स्ट लावायचं. कोडमध्ये दोन डी, दोन एम आणि चार वाय, मध्ये आडव्या रेघा:

="काटापावती दिनांक "&टेक्स्ट(ए2,"डीडी-एमएम-वायवायवायवाय")

चार एम दिले तर महिन्याचं पूर्ण नाव येतं. ते इंग्रजीत येत असेल तर एक्सेलमध्ये कोडच्या सुरुवातीला चौकोनी कंसात $-44ई लिहा (ई म्हणजे इंग्रजी मोठं ई). तो मराठीचा भाषा-क्रमांक आहे, आणि महिना "फेब्रुवारी" असा येतो.

गट नंबर लिहिला तर तारीखच होते. ती जोडल्यावर भलताच आकडा.

सातबाऱ्याच्या याद्या करणाऱ्यांना हे दुखणं चांगलं माहीत आहे. गट नंबर 12/2 टाइप केला की शीट त्याला १२ फेब्रुवारी समजते. खुद्द 7/12 टाइप केलं तर ७ डिसेंबर! आणि 145/2 मात्र बरोबर राहतो, कारण तशी तारीख असत नाही. त्यामुळे यादी अर्धी बरोबर आणि अर्धी बिघडलेली असते, आणि जोडताना काही ओळींत "गट नं. 45700" येतं.

इथे टेक्स्टने डागडुजी करू नका. एंटर दाबल्याबरोबर मूळ नोंद गेलेली असते. सेलमध्ये आता तारीख आहे. भरण्याआधीच पूर्ण कॉलम निवडून त्याचा फॉरमॅट टेक्स्ट (हे फंक्शन नाही, फॉरमॅटच्या यादीतला पर्याय) करून ठेवा, किंवा प्रत्येक नोंदीआधी एकेरी अवतरणचिन्ह द्या: '12/2. ते चिन्ह दिसत नाही आणि छापलंही जात नाही. कॉलमचा फॉरमॅट नंतर बदलून उपयोग नाही, आधीच तारीख झालेल्या नोंदी पुन्हा टाइप कराव्या लागतात.

लॉट नंबर 0045 जोडला की 45 होतो. मोबाइल नंबर, आधार नंबर यांचं काय?

लॉट नंबरला टेक्स्ट(बी2,"0000"). मोबाइल नंबर वाचायला सोपा हवा असेल तर "00000 00000", आधारसाठी "0000 0000 0000". बँक खात्याचा नंबर मात्र मजकूर म्हणूनच भरा. पंधरापेक्षा जास्त आकडी नंबर आकडा म्हणून टाइप केला तर सोळाव्यापासून पुढच्या आकड्यांची शून्यं होतात, आणि ती परत मिळत नाहीत. ज्याची कधी बेरीज करायची नाही तो नंबर असला तरी मजकूरच समजावा.

येणे-देणे असं आपोआप लिहून येईल का? उणे चिन्ह लोकांना कळत नाही.

येईल, आणि हा सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मजेदार भाग आहे. फॉरमॅट कोडमध्ये अर्धविराम देऊन तीन खण करता येतात: पहिला अधिक आकड्यासाठी, दुसरा उण्यासाठी, तिसरा शून्यासाठी.

"येणे ₹"#,##0;"देणे ₹"#,##0;"हिशोब चुकता"

हा कोड कस्टम फॉरमॅटमध्ये लावला तर 4200 चं "येणे ₹4,200" दिसतं, -1500 चं "देणे ₹1,500", आणि शून्याला "हिशोब चुकता". दुसऱ्या खणात उणे चिन्ह आपोआप गळतं. आत आकडा तसाच राहतो, त्यामुळे सगळ्या उधारीची बेरीजही बरोबर निघते. किराणा दुकान, कृषी केंद्र, बचत गट, सगळीकडे चालतं.

वाक्यात हवं असेल तर टेक्स्टमध्येही हाच कोड चालतो, पण सूत्रात अवतरणाच्या आत अवतरण आलं की ते दुहेरी लिहावं लागतं आणि कोड वाचवत नाही. त्यापेक्षा कोड एच2 मध्ये ठेवा:

=ए2&" यांच्याकडे: "&टेक्स्ट(बी2,$एच$2)

फक्त "सुनीलभाऊ यांच्याकडे: देणे" हे वाचताना उलटसुलट वाटतं. कोणाचं येणं आणि कोणाचं देणं हे तुमच्या बाजूने आहे की समोरच्याच्या, ते आधी ठरवून शब्द निवडा. "जमा बाकी" आणि "नावे बाकी" हे वहीतले शब्द इथे जास्त सुटसुटीत पडतात.

फॉरमॅटमध्ये लाल रंग दिला असेल तर तो टेक्स्टमधून येत नाही. रंग सेलचा असतो, मजकुराचा नाही.

वाक्यातल्या आकड्यांची बेरीज जुळत नाही. एक पैसा जास्त येतो.

तिघा भावांनी ट्रॅक्टरचं ₹1,000 भाडं वाटून घेतलं. वाक्य तयार होतं: प्रत्येकी 333.33, एकूण 1,000.00. ज्याने हाताने बेरीज केली त्याला 999.99 आले. टेक्स्ट आकडा गोल करून फक्त लिहितं, आतला 333.333… तसाच राहतो आणि एकूण त्यावरूनच निघतं.

पावती असेल तर हिशोबातच गोल करा, दिसण्यात नाही: =राउंड(1000/3,2). मग बेरीज खरोखर 999.99 येईल आणि उरलेला पैसा कोणाकडे जायचा ते तुम्ही ठरवाल. नुसती माहिती पाठवायची असेल तर एवढं मनावर घेऊ नका.

टक्केवारी जोडली की 0.085 येतं.

कापसाचा ओलावा 8.5% दिसत असला तरी आत 0.085 आहे. टेक्स्ट(बी2,"0.0%") लिहा. शंभराने गुणून वर % ही लावू नका, 850.0% येईल.

रिकाम्या सेलसाठीही "0.00 क्विंटल" लिहून येतं.

टेक्स्ट रिकाम्या सेलला शून्य समजतं. आधी विचारून घ्या: =इफ(बी2="","",टेक्स्ट(बी2,"0.00")&" क्विंटल"). महिन्याभराच्या आवकेच्या यादीत पुढच्या तारखा कोऱ्या असतात, तिथे हे लागतंच.

पाच-सहा सेल जोडायचे असतील तर & लिहून लिहून हात दुखतो. दुसरं काही?

टेक्स्टजॉइन. एक्सेल 2019 पासून पुढे आहे, गूगल शीट्समध्येही आहे. त्याला मधलं चिन्ह, रिकामे सेल सोडायचे का, आणि सेलचा पट्टा एवढं द्यायचं: =टेक्स्टजॉइन(", ",ट्रू,बी2:एफ2). पण तेही आतलीच किंमत उचलतं. आकड्यांचं रूप हवं असेल तर पट्ट्यालाच टेक्स्ट लावा: टेक्स्टजॉइन(", ",ट्रू,टेक्स्ट(बी2:एफ2,"#,##0")). नव्या एक्सेलमध्ये हे तसंच चालतं, 2019 मध्ये एंटरऐवजी कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबावं लागतं, गूगलमध्ये बाहेरून अ‍ॅरेफॉर्म्युला लावावा लागतो. अशा पट्ट्यात रिकामे सेल असतील तर तेही 0 होऊन येतात, ते लक्षात असू द्या.

कॉन्कॅट आणि कॉन्कॅटनेट ही भावंडं आहेत. गूगल शीट्समधलं कॉन्कॅट दोनच गोष्टी जोडतं, एक्सेलमधलं कितीही. दोन-तीन सेलसाठी मला & च बरं वाटतं; सूत्र वाचलं की वाक्य डोळ्यांपुढे येतं.

व्हॉट्सअ‍ॅपला पाठवायची पट्टी एकाच सेलमध्ये, पण ओळी वेगळ्या हव्यात.

दोन तुकड्यांच्या मध्ये &कॅर(10)& टाका. कॅर म्हणजे सी-एच-ए-आर, आणि 10 हा नव्या ओळीचा क्रमांक.

=ए2&कॅर(10)&"वजन "&टेक्स्ट(बी2,"0.00")&" क्विंटल"&कॅर(10)&"भाव ₹"&टेक्स्ट(सी2,"#,##0")&कॅर(10)&"रक्कम ₹"&टेक्स्ट(बी2*सी2,$एच$1)

सेलला रॅप टेक्स्ट चालू केलं नाही तर सगळं एका ओळीत दिसेल. आणि एक्सेलमधून असा सेल कॉपी करून चिकटवला की मजकुराच्या सुरुवातीला आणि शेवटी अवतरणचिन्हं येतात. ती हाताने काढा. बऱ्याच जणांना ती सूत्रातली चूक वाटते. नाही, एकापेक्षा जास्त ओळींचा सेल बाहेर नेताना एक्सेल असंच करतं.

आकडे देवनागरीत, १,८५० असे, छापता येतील का?

एक्सेलमध्ये येतात. फॉरमॅट कोडच्या आधी [$-4000439] लावा: टेक्स्ट(बी2,"[$-4000439]#,##0"). कस्टम फॉरमॅटमध्येही हेच चालतं आणि तिथे आकडा आकडाच राहतो, म्हणून शक्य असेल तिथे तेच वापरा. ग्रामपंचायतीची सूचना, लग्नाच्या आहेराची यादी, गणपती मंडळाचा जमाखर्च छापायला छान. गूगल शीट्समध्ये या कोडवर विसंबू नका. तिथे 0 चं ०, 1 चं १ असे दहा सबस्टिट्यूट एकात एक घालावे लागतात. कंटाळवाणं आहे, पण एकदाच लिहायचं असतं.

मेल मर्ज करून पावत्या छापतो. शीटमध्ये 8.450, वर्डमध्ये 8.45 किंवा 8.4499999999999993.

वर्ड शीटमधून आतली किंमत उचलतं, फॉरमॅट नाही. म्हणजे मुळात पहिलाच प्रश्न. सोपा उपाय: शीटमध्ये पावतीसाठी वेगळा कॉलम करा, त्यात =टेक्स्ट(सी2,"0.000") भरा आणि वर्डमध्ये तोच कॉलम जोडा. वर्डमध्येच करायचं असेल तर ऑल्ट धरून एफ9 दाबा, फील्डचा कोड उघडेल, त्यात नावानंतर \# "0.000" लिहा आणि पुन्हा ऑल्ट-एफ9. पावत्यांचे नमुने तीन-चार असतील तर शीटमधला कॉलमच बरा, प्रत्येक नमुन्यात खुडबुड करावी लागत नाही.

जोडलेल्या वाक्यात फक्त रक्कम ठळक करता येईल का?

सूत्राने आलेल्या मजकुरात नाही. पूर्ण सेल ठळक होतो किंवा काहीच नाही. फारच हवं असेल तर वाक्य एका सेलमध्ये आणि रक्कम शेजारच्या सेलमध्ये ठेवा, मधली रेघ काढून टाका. छापल्यावर एकच ओळ वाटते. नाहीतर सेल कॉपी करून पेस्ट व्हॅल्यूज करा आणि मग हवा तेवढा भाग निवडून ठळक करा. पण त्यानंतर मूळ आकडा बदलला तरी ते वाक्य बदलणार नाही.